प्रतीबरहुकूम

अर्जुनराव बोलायचा थांबला आणि रेणुकादासचं बोट कागदावरच्या ओळीवर तसंच राहिलं. एक्केचाळिसावं पान, वरून सातवी ओळ. 'हे अयोध्यापती, पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या या पित्याचे वचन ऐक.' ओळ त्याच्याच वळणदार अक्षरातली होती आणि तिच्या खाली, सगळ्या पानांवर होता तसा, कचेरीचा जांभळा गोल शिक्का होता. शाळेच्या दोन सतरंज्या टांगून केलेल्या आडोशामागं तो शब्द पुरवायला उभा होता. दुपारचे साडेतीन झाले असावेत. मगरिबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजाच्या, आधी खेळ संपला पाहिजे अशी परवानगीतली अट, म्हणून नाटक भर उन्हात, नांदेडच्या शाळेच्या पटांगणात मांडव घालून चाललं होतं. मांडवाच्या कापडातून पिवळा उजेड खाली गळत होता आणि त्यात अर्जुनरावच्या मिटलेल्या पापण्या थरथरताना स्वच्छ दिसत होत्या. तो श्रावणबाळाचा आंधळा बाप झाला होता. समोर किशन, म्हणजे राजा दशरथ, घागर घेऊन उभा. श्रावण बाणानं मेला होता, घोट्यापर्यंत पाण्यात पडला होता, आणि राजाच त्याचं पाणी घेऊन म्हाताऱ्यांकडे आला होता. आता बापानं घागर हातात न घेता दोन पावलं मागं सरायचं आणि शाप सुरू करायचा. शाप चार पानांचा होता. तो लिहायला रेणुकादासला दीड महिना लागला होता.

अर्जुनरावनं घागर हातात घेतली. तिच्यावरून तळवा फिरवला, एखाद्या तान्ह्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. आणि अगदी हळू, घरात बोलावं तसं म्हणाला, "राजा, आंधळे तर आम्ही. तुला तर डोळे हायेत ना? मग आवाजावर बाण कामून मारलास?"

एवढंच. मग त्यानं दोन पावलं मागं घेतली आणि 'हे अयोध्यापती' सुरू केलं, अक्षर न चुकता. पण ते आता कुणी ऐकत नव्हतं. मांडवात जे झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही. सहाशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायचं विसरली. मग बायकांच्या बाजूनं, मागच्या कनातीपाशी, एका बाईचा हुंदका आला आणि कुणीतरी तो पदरानं दाबला. रेणुकादासनं सतरंजीच्या फटीतून पाहिलं ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडं. तिथं कचेरीचे मुन्शी हणमंतराव बसले होते, मांडीवर नाटकाची दुसरी प्रत. ते पान मागं उलटत होते, पुढं उलटत होते, पुन्हा मागं. त्यांना वाक्य सापडत नव्हतं. सापडणार नव्हतं.

त्या दिवसांत, सेहेचाळीस सालच्या त्या दसऱ्यात, निजामाच्या मुलखात नाटक करायचं म्हणजे आधी दोन प्रती लिहून कचेरीत द्यायच्या; एक तिथं राहायची, दुसरी शिक्का मारून परत यायची. कागदावर असेल ते बोलायचं, नसेल ते बोलायचं नाही. इतरांना ही अट जाचायची. रेणुकादासला, खरं सांगायचं तर, ती आवडायची. तो मुळातच तसा होता. नाटक लिहिण्याआधी तो वहीत तांबड्या शाईनं चौकोन आखायचा. कोणता माणूस कोणत्या वाक्याला कोणत्या चौकोनात, डावीकडून किती पावलं, हात कुठवर उचलायचा, सगळं. शाळेत भूगोल शिकवायचा तोही आदल्या दिवशी लिहून काढलेला. घरात बायकोशी काही बोलायचं असलं तरी मनात दोनदा म्हणून बघायचा. लोक म्हणत, मास्तर मोठे टापटिपीचे. ती टापटीप नव्हती, भीती होती, आणि ती कुठून आली हे त्याला तारखेनिशी ठाऊक होतं.

मुखेडच्या शाळेत, तो नऊ वर्षांचा असताना, हैदराबादेहून कुणी मोठे साहेब तपासणीला आले होते. वडील, अनंतराव, तहसिलीत कारकून. तेही साहेबांच्या मागं हात बांधून उभे. साहेबांनी सहज, पोराशी थट्टा करावी तसं विचारलं, यंदा पीक कसं काय? आणि रेणुकादास पटकन म्हणाला, यंदा पिकलंच नाही. खरंच पिकलं नव्हतं. ज्वारीच्या कडब्यात दाणा नव्हता, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. पण तहसिलीच्या कागदावर पीक बरं होतं, आणि तो कागद अनंतरावांच्या हातचा होता. साहेब हसले. त्या हसण्याची त्याला पुढं अनेक वर्षं स्वप्नं पडली. वडिलांना दुपारभर कचेरीच्या ओट्यावर उन्हात उभं केलं होतं. तो लिंबाच्या झाडामागून पाहत होता. त्यांची पगडी हळूहळू घामानं काळी होत गेली. घरी आल्यावर ते त्याला रागावले नाहीत, मारलं नाही. फक्त म्हणाले, "बोलण्याआधी लिहीत जा. लिहिलेलं खोडता येतं." महिनाभरानं त्यांची बदली झाली. त्या वाक्याचं त्यानं आयुष्य केलं. आणि आज, बावीस वर्षांनी, त्याच्या हातात शिक्का मारलेलं पान असताना, दुसऱ्याच्या तोंडून, तसंच एक वाक्य बाहेर पडलं होतं. कनातीपाशी रडलेली बाई कोण, हे त्याला न विचारताच कळलं होतं. आठवड्यापूर्वी उमरीकडच्या एका खेड्यात पहाटे ओढ्यावर पाणी भरायला गेलेला तिचा नवरा गोळी लागून पडला होता. पाण्यात खळबळ ऐकू आली म्हणून गोळी झाडली, असं म्हणत. कुणी झाडली ते कुणी बोलत नव्हतं.

खेळ संपला. माणसं नेहमीसारखी गलका करत उठली नाहीत, एकेक करून निघून गेली. अर्जुनराव मागच्या बाजूला दगडावर बसून तोंडाचा रंग पुसत होता. तो जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या कामावर होता. चाळिशीचा, रुंद, लिहिता-वाचता न येणारा. तीन महिने रोज संध्याकाळी रेणुकादासनं त्याला एकेक शब्द तोंडानं शिकवला होता.

"अर्जुनराव, ते वाक्य तुम्ही कुठून आणलं?"

"कुठलं?" अर्जुनरावनं विचारलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "ते व्हय. म्या न्हाई आणलं मास्तर. घागर गार लागली."

"घागर रिकामी ठेवायची असं ठरलं होतं."

"किशननं भरली. रिकामी घागर उजेडात खोटी दिसून राहिली म्हणला. हाताला गार लागली, अन् मला वाटलं, हे पाणी आणाया गेलतं माझं पोरगं. मग ते आलं."

"उमरीकडची गोष्ट तुमच्या मनात होती का?"

अर्जुनरावनं फडक्यानं कपाळावरचा रंग पुसला. "आता विचारल्यावर वाटतंय होती. तवा घागरच होती."

रेणुकादासला संताप यायला हवा होता. आला तो घाम. आणि त्या घामाखाली आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडं तो पाहू इच्छित नव्हता: दीड महिना खपून लिहिलेल्या त्याच्या चार पानांत हे एक वाक्य नव्हतं. ते असायला हवं होतं, आणि त्याच्या चौकोनांत ते कधीच आलं नसतं. "लातूरला ते म्हणायचं नाही," तो म्हणाला. आठ दिवसांनी लातूरला खेळ होता, त्याचीही परवानगी याच प्रतीवर.

"न्हाई म्हणत."

"नक्की?"

"म्हणलं ना, न्हाई. तुमी पावलं मोजून दिली म्हणून मला डोळे मिटून चालता येतंय, मास्तर. तुमचा शब्द मोडून कुठं जाऊ? पर..." तो थांबला. "आलं तर?"

ते 'आलं तर' घेऊन रेणुकादास घरी गेला. वाक्य मांडवातून बाहेर पडलं होतं आणि आता गावात हिंडत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळावर एक पोरगं दुसऱ्याला धडकलं तेव्हा तो ओरडला, तुला तर डोळे हायेत ना? आणि सगळी पोरं हसली. शिंप्याच्या दुकानावरून जाताना आत कुणीतरी ते म्हणत होतं. घरी चंद्रप्रभा भाजी चिरता चिरता, स्वतःशीच, ओवी म्हणावी तशा चालीत तेच पुटपुटत होती. "काय म्हणतेस?" त्यानं एवढ्या तीक्ष्णपणे विचारलं की तिचा हात विळीवर थांबला. "काही नाही. तुमच्या नाटकातलंच. तेवढंच ध्यानात राहिलं." ती घाबरून त्याच्याकडं पाहत होती. मग म्हणाली, "अहो, काही चुकलं का?" तो म्हणाला, नाही. मनात दोनदा म्हणून बघितलं आणि मग म्हणाला. दारावरची थाप, सायकलची घंटा, शेजाऱ्याचं खाकरणं, टपालवाल्याची हाक, सगळ्याला आता एकच अर्थ होता. जेवताना घास तोंडात फिरत राहायचा. रागानं नव्हे, मोठ्या आवाजातही नव्हे, मुखेडला ते साहेब हसले होते तसं कुणीतरी हसेल आणि विचारेल, मास्तर, हे कुठल्या पानावर आहे?

चौथ्या दिवशी कचेरीतून, प्रत घेऊन या, असं बोलावणं आलं. तो अंघोळ करून, धुतलेला कोट घालून गेला. जाण्याआधी त्यानं एका कागदावर उत्तरं लिहिली होती, आकडे घालून, आणि ती पाठ केली होती. हणमंतरावांनी त्याला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि एक्केचाळिसावं पान उघडून समोर ठेवलं. समासात पेन्सिलीची बारीक फुली होती. मुन्शी पन्नाशीचे, दमेकरी. बोलताना मधे मधे श्वास घेत.

"मास्तर, मी त्या दिवशी घरी जाऊन अहवाल लिहिला. 'खेळ प्रतीबरहुकूम झाला.' सवयीनं लिहून गेलो. सही केली, ठाण्याच्या अमीनसाहेबांनी वर पाठवला. आता गावभर ते वाक्य चाललंय, आणि साहेबांच्या कानावर आज ना उद्या जाणार. ते मला विचारतील, हे प्रतीत आहे का. मी काय सांगू?"

रेणुकादासची पाठ केलेली उत्तरं यातल्या एकाही प्रश्नाची नव्हती.

"दोन रस्ते आहेत," हणमंतराव म्हणाले. "नटानं आपल्या मनानं म्हटलं असं लिहून द्या. त्याला आज संध्याकाळीच उचलतील, आणि खोटा अहवाल दिला म्हणून माझीही नोकरी जाईल. नाही तर..." त्यांनी दौत पुढं सरकवली. "इथं जागा आहे. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे. दोन्ही प्रतींत तुमच्या अक्षरात लिहा. मी वर शिक्का मारतो. वाक्य पहिल्यापासून तिथंच होतं. आंधळ्या बापाचं बोलणं आहे, पुराणातलं आहे. लिहिलेल्याला कुणी फारसं भीत नाही."

त्यानं टाक उचलला. अर्जुनरावचं वाक्य आपल्या अक्षरात लिहिताना त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी अंगावरचा कपडा चोरतोय. 'कामून' लिहिताना तो अडखळला आणि सवयीनं त्याचं 'का' केलं. 'हायेत ना' चं 'आहेत' झालं, 'राजा'च्या आधी 'हे' आलं. मुन्शींनी शिक्का उमटवला, फुंकर घातली, आणि एक प्रत परत केली. "एक ध्यानात ठेवा," निघताना ते म्हणाले. "आता ते प्रतीत आहे. लातूरला दुसरे अमीन असतील, प्रत त्यांच्याकडं जाईल. तिथं ते म्हटलंच पाहिजे."

अर्जुनरावला हे सांगितलं तेव्हा तो जिनिंगच्या फाटकापाशी उभा होता, भुवयांवर सरकीचं तूस. "म्हणजे आता म्हणायचं?"

"म्हणायचंच. जसंच्या तसं. घागर मात्र रिकामी. मी किशनला सांगितलंय."

"तुमी म्हणा म्हणालात तर म्हणतो मास्तर." त्यानं मान हलवली. "पर बोलावल्यावर येईल का ते?"

पूर्णा, परभणी, परळी, गाड्या बदलत आणि मग मोटारीच्या टपावर पेटारे बांधून ते लातूरला पोचले. सगळ्या रस्ताभर रेणुकादास मांडीवरच्या वहीत तांबडे चौकोन पुन्हा आखत होता. नव्या वाक्याला त्यानं जागा दिली होती: तिसरा चौकोन, मान किंचित उजवीकडं, आधी तीन आकडे मोजून थांबायचं. त्याला वाटत होतं, एकदा सगळं आखून झालं की झोप लागेल. ती लागली नाही. उलट गाडीच्या चाकांच्या तालावर तेच वाक्य, शुद्ध केलेलं, मेल्यासारखं, डोक्यात फिरत राहिलं.

लातूरच्या गंजात एका आडत दुकानाचं मोठं आवार होतं, तिथं मांडव घातलेला. तुरीचा आणि पोत्यांचा वास, वर तसाच पिवळा उजेड. पहिल्या रांगेत तिथले अमीन बसले होते; तिशीचे, सडपातळ, मराठी चांगलं वाचणारे. प्रत गुडघ्यावर, बोट ओळीवर. रेणुकादासचंही बोट ओळीवर होतं. दोघांची बोटं एकाच वेळी एकेका शब्दावरून सरकतायत असं त्याला वाटलं. पहिले दोन अंक चांगले झाले. तिसऱ्यात किशन घागर घेऊन आला. अर्जुनरावनं ती घेतली, तिसऱ्या चौकोनात आला, तीन आकडे थांबला. "हे राजा, आम्ही तर आंधळे. तुला तर डोळे आहेत. मग आवाजावर बाण का मारलास?"

काही झालं नाही. कुणीतरी खोकलं. मागं एक लहान मूल खाऊ मागत होतं. अमीनसाहेबांचं बोट शांतपणे पुढच्या ओळीवर गेलं. रेणुकादास सुटला होता. धोका संपला होता, आठ दिवस ज्याच्यासाठी तो झोपला नव्हता ते निर्विघ्न पार पडलं होतं. आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की अर्जुनरावनंही ते ऐकलंय. आपल्याच तोंडातून पडलेल्या त्या लाकडी वाक्यानं तो माणूस हादरला होता. त्यानं दोन पावलं मागं घेतली, तोंड उघडलं, आणि पुढचं आलं नाही. चार पानं शाप, तीन महिने घोटलेला, साफ पुसला गेला. रिकामी घागर छातीशी धरून तो उभा राहिला, डोळे मिटलेले, आणि मान हळूहळू आडोशाकडं वळवली. फार हळू, ओठ न हलवता म्हणाला, "मास्तर, द्या."

बोट ओळीवर होतं. 'हे अयोध्यापती.' एवढंच फेकायचं होतं. रेणुकादासनं तोंड उघडलं आणि ओळीवरून त्याची नजर वर गेली. समोर एक म्हातारा होता, ज्याचं आता कुणी उरलं नव्हतं, आणि मांडवात असूनही तो कचेरीच्या ओट्यावरच्या उन्हात उभा होता. अमीनसाहेबांनी मान वर केली. मांडव गप्प होत गेला. भीती पायाच्या तळव्यांतून वर चढत गुडघ्यांत, पोटात, छातीत आली, गळ्यापाशी पोचली, आणि तिथून भलताच आवाज होऊन बाहेर पडली. पुटपुटणं नव्हतं ते. सगळ्या आवारात ऐकू गेलं.

"बाबा, पाणी प्या."

कुणाला म्हणालो हे त्यालाही कळलं नाही. अर्जुनरावचा चेहरा आवाजाकडं वळला आणि त्यावर जे उमटलं ते शिकवता येण्यासारखं नव्हतं. मेलेल्या पोराचा आवाज ऐकलेल्या बापाचा चेहरा होता तो. त्यानं रिकामी घागर दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली, आणि तो प्याला. गळ्याची घाटी खाली-वर होत होती. नंतर त्यानं घागर बाजूला धरली, तिथं आंधळी आई झालेला मार्तंड बसला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण त्यानं ओंजळ पुढं केली. तिच्यातही पाणी पडलं. राजा झालेल्या किशननं मुकुट काढून खाली ठेवला आणि जमिनीवर बसला. पुढं कुणी बोललंच नाही. माणसं मांडवात ओक्साबोक्शी रडत होती, बायकाच नाही, तागड्या धरणारे हमालसुद्धा. कुणीतरी पडदा ओढला. अमीनसाहेबांच्या गुडघ्यावर चार पानं न उलटलेली राहिली.

अमीनसाहेब आडोशामागं आले तेव्हा रेणुकादास भिंतीला टेकून उभा होता.

"आवाज कुणाचा होता?"

"माझा."

"कागदावर आहे?"

"नाही."

"कुणी सांगितलं म्हणायला?"

"कुणी नाही."

अर्जुनराव मधे पडू पाहत होता, "साहेब, चूक माझी हाय, म्या इसरलो." अमीनसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ठाण्यावर चला, म्हणाले. गंजातून चालत जाताना उन्हं अजून होती. दुकानदार पाहत होते. ठाण्यात त्याला बाकावर बसवलं, आणि साहेब राहिलेली चार पानं सावकाश वाचत बसले. पंख्याची दोरी ओढणारा म्हातारा डुलक्या घेत होता.

"यात राजाला शाप आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"शाप मंजूर होता, तो तुम्ही दिला नाही. पाणी मंजूर नव्हतं, ते पाजलंत. मी वर काय लिहू?" ते हसले नाहीत. खरोखरच विचारत होते. साहेबांनी पानं जुळवली, टाक दौतीत बुडवला. "मास्तर, तुम्ही सरळ माणूस दिसता. सोडून देतो. फक्त एक लिहून द्या, की गोंधळात तोंडून निघालं, पुन्हा असं होणार नाही."

कोरा कागद समोर आला. शब्द तयार होते, सोपे होते, पूर्वी हजारदा घोटलेल्या शब्दांसारखे. घरी चंद्रप्रभा वाट पाहत असेल. शाळेत सोमवारी भूगोल होता. त्यानं 'पुन्हा असं' एवढं लिहिलं. मग टाक थांबला, शाईचा थेंब कागदावर पसरला, आणि तो थेंबाकडं पाहत राहिला.

"काय झालं? होणार नाही, लिहा."

"सांगता येत नाही," रेणुकादास म्हणाला.

आपण काय बोललो हे त्याला साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी त्याच्या हातातून टाक काढून घेतला, जरा वेळ थांबले, दुरुस्त करायला संधी द्यावी तसे. मग शिपायाला हाक मारली.

त्या उत्तरापायी अठरा दिवस आत काढावे लागले, आणि शाळेची नोकरी गेली. कोठडीत पहिल्या दुपारी तो भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, दात वाजत होते, आणि त्याच्या मनात एक म्हातारी चालत येत होती, डोक्यावर ओलं गाठोडं घेऊन. ती कोण, कुठं निघाली, गाठोड्यात काय, ह्यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं; तिच्यासाठी त्यानं एकही चौकोन आखला नव्हता. तो श्वास रोखून, ती तोंड उघडेल म्हणून थांबला होता.